पूर्ण मार्कांचं उत्तर

लेकीचा डबा भरताना चंदेरी कागद चुरचुरला की माझं डोकं अजून फिरतं.

मी वर्तकनगरच्या शाळेत चौथीला होते. गल्लोगल्ली पोरं गर्दच्या नशेच्या नादी लागलेली. म्हणून बाईंनी फळ्यावर कवटी काढून ‘व्यसनांचे दुष्परिणाम’ लिहून दिले. खडूची धूळ नाकात जात होती. मी हात वर केला.

“बाई, माझा दादा चंदेरी कागदावर गर्द जाळून ओढतो. त्याचं व्यसन सुटेल कसं?”

बाई कडाडल्या, “हे परीक्षेला येत नाही! आणि चांगल्या घरातल्या मुलींना असलं माहीत नसतं. जा, मागे बस.”

तेव्हा लाजेनं माझी मान खाली गेलेली. आज वाटतं, लाज त्यांना वाटायला हवी होती. ज्या पोरीला धडा खरा कळलेला, तिलाच त्यांनी मागे बसवलं.

परीक्षेत मी दुष्परिणाम घडाघडा लिहून काढले. माझा पेपर उंच धरून बाई म्हणाल्या, “उत्तर असं लिहायचं!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर दादा गेला. ते उत्तर मला अजून पाठ आहे. सुटायचं कसं, ते त्यात कुठंच नाही.