बिनदह्याची जिलेबी

मोताळ्याच्या शाळेत मी नवा मास्तर होतो, तेव्हा दर आठवडी बाजारात एक म्हातारी दिसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दुधा-तुपाचं ती काही खात नसे, पण गोडावर तिचा भारी जीव. प्रत्येक दुकानापुढे उकिडवी बसून ती जिन्नस नाकाशी न्यायची, एक डोळा मिटायची आणि विचारायची, "तूप त नाही ना बे याच्यात?" गुळाच्या पाकातली गुडीशेव, रेवड्या, शेंगदाण्याची चिक्की असं हुडकत तिचा पदर भरायचा. जिलेबीपाशी मात्र ती नुसतीच थांबायची. तळण तेलाचं असलं तरी पीठ दह्यात आंबवलेलं असे.

"आजी, दूध का सोडलं?" एकदा तिथंच मी विचारलं.

"म्हशीचं वगारू मेलं. आमच्या बुढ्यानं त्याच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढं उभं केलं. म्हैस त्याले चाटत राह्यली, अन् मी दूध काढत राह्यली. मंग ते दूध मले घशाखाली उतरे ना." मग ती हसली. "दूध सोडलं मास्तर, जीभ नाही सोडली!"

हे जिलेबीवाल्यानंही ऐकलं असावं. पुढच्या बाजारी तो लांबूनच ओरडला, "माय, इकडं ये! आज दह्याच्या जागी लिंबू पिळलं!"

कढईभोवतीच्या गर्दीनं तिला वाट दिली. तिनं वास घेतला, एक डोळा मिटला, चावा घेतला. पाक कोपरापर्यंत ओघळला. जिलेबीवाला झारा हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आंबट कमी हाय वाटते," ती म्हणाली आणि रिकामं पान पुढं केलं. "पण एकानं समजत नाही. आखीन दोन टाक."