भुईला पाणी

कुठल्याही लोखंडी वस्तूला हात लावायचा झाला, की मिस्त्री आधी हात पालथा करत. बोटांच्या मागच्या बाजूचा ओझरता स्पर्श, मग तळवा. एकोणीसशे साठच्या आगेमागे ज्यांनी महाडात दिवस काढले, त्यांनी हा पालथा हात पाहिला असेल. खाकी अर्धी पँट, कमरेला पक्कड आणि तोंडी एकच प्रश्न : "भुईला पानी पाजलं का?"

चहाच्या पेल्यालाही त्यांचा हात आधी पालथाच लागे. हॉटेलवाला म्हणे, "मिस्त्री, चहात करंट नाय!"

"साखर बी नाय," ते म्हणत.

मूळचे ते कशेडी घाटाच्या पायथ्याचे. मुंबईच्या गिरणीत वायरमनचं काम शिकून आलेले. मी शाळेत शिक्षक होतो आणि वसतिगृहाची देखभाल माझ्याकडे होती. तिथल्या विहिरीवर मोटर बसली, तेव्हा त्यांनी मला समोर उकिडवं बसवलं. "गुरुजी, बटन दाबता आलं म्हंजे ईज कळली असं नाय."

एक वायर वीज आणते, दुसरी परत नेते. फ्यूजची बारीक तार आधी जळते, म्हणून बाकीचं वाचतं. तिसरी वायर एरवी काहीच करत नाही. मोटरच्या लोखंडी अंगापासून निघून ती भिंतीलगतच्या खड्ड्यात, मीठ-कोळशात पुरलेली असते. वीज चुकून लोखंडात उतरली, तर ह्या वाटेनं तिनं जमिनीत जावं.

"पन वाट वली पायजे. सुकी भुई ईज घेत नाय. मंग ती तुमच्यात शिरनार."

म्हणून उन्हाळ्यात दर शनिवारी खड्ड्यात एक कळशी पाणी. ते काम माझं.

"आणि हात पालथा का?"

"तळव्यानं धरलं न् झटका बसला तर मूठ आवळते, सुटत नाय. पालथा हात मागं फेकतो."

चारचौघांत ते मला 'माझा पैला इद्यार्थी' म्हणत. मला ते फार आवडे. पुढचं सगळं त्या आवडण्यातून झालं.

एका वर्षी चैत्रातच वाडीच्या विहिरीनं तळ दाखवला. वाडीतल्या बायका आमच्या विहिरीवर येऊ लागल्या. एका शनिवारी मी खड्ड्यात कळशी वाकवली, तशी एक बाई म्हणाली, "गुरुजी, आमची पोरं कोरड्या घशानं निजतात, न् तुमी पानी खड्ड्यात वतता? काय पीक काढताव काय तिथं?"

बायका हसल्या. मी कळशी तिच्या हंड्यात रिकामी केली. पुढचे चार शनिवार खड्ड्याकडे फिरकलो नाही. पाणी दिलं, ह्याचं मला आजही वाईट वाटत नाही. चूक पुढे आहे.

मोटर घरघरू लागली म्हणून मी त्यांना बोलावलं. दुपारची वेळ. त्यांनी मोटर चालू ठेवायला सांगितली; कुठे थरथरते ते हातानं बघायचं होतं. हात पालथा करता करता त्यांनी विचारलं, "भुईला पानी?"

"घातलंय," मी म्हणालो. "दर शनिवारी."

"मंग काय. माझा इद्यार्थी हाय," ते हसले, आणि त्यांनी हात सुलटा केला.

तळवा आणि लोखंड यांच्यात वीतभर अंतर होतं. तेवढ्यात 'थांबा' म्हणता आलं असतं. माझं तोंड उघडलं होतं. आवाज आला तो त्यांचा.

मूठ आवळली होती. मी त्यांना ओढायला धावलो आणि त्यांचंच वाक्य आठवलं : 'मान्साला धरायचं नाय, आधी मेन पाडायचा.' मी भिंतीवरचा मेन स्विच पाडला. ते कोसळले, पण जगले.

त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, आणि मी त्या खड्ड्यात तीन कळश्या पाणी ओतलं. ह्या वेळी बायकांपैकी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी वीजखात्याचे साहेब आले. खड्डा ओला होता. म्हणजे दोष वायरमनचा, हलगर्जीपणा. साहेबांनी मला विचारलं, "पाणी घालत होता ना?" मी होकारार्थी मान हलवली. आठवड्याभरात त्यांचं काम गेलं.

उजव्या हाताला पट्टी बांधलेल्या अवस्थेत ते पक्कड न्यायला आले. खड्ड्याशी बसून डाव्या हाताची बोटं आत खुपसली. वर चिखल, खाली मीठ कोरडं. बोटांना लागलेले पांढरे खडे त्यांनी पँटला पुसले.

"पानी वतायला येळ नाय लागत, गुरुजी," ते म्हणाले. "भुईत उतराया लागतो." बस. ना साहेबांपाशी बोलले, ना गावात.

त्यानंतर मी एक शनिवार चुकवला नाही. टंचाईत आधी बायकांचे हंडे भरून देत असे, मग माझ्या आंघोळीचं पाणी खड्ड्याला.

बऱ्याच वर्षांनी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर ते भेटले. थकले होते. उजव्या हाताची दोन बोटं अजून आत वळलेली. मी पुढे झालो. सांगून टाकायचं ठरवूनच पुढे झालो. त्यांनी तोच हात उचलून माझ्या खांद्याला लावला. पालथा.

"भुईला पानी?"

"घालतो," मी म्हणालो. ह्या खेपेला ते खरं होतं.

त्यांनी मान डोलावली. गाडी लागली. हात तसाच, पालथाच, खांद्यावरून निघाला.