माझ्या आधी निघालेला पस्ताना

सांगतो, पण हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ही हकीकत सांगत होतो तेव्हा आमच्या एका स्नेह्याला असा ठसका लागला, की चहा नाकातून बाहेर आला आणि दोष माझ्यावर!

आमच्या रावेर भागातून बोटीत बसून विलायतेला शिकायला निघालेला पहिला केळीवाला मीच. वय विचारू नका. मिशीत पांढरं आलं होतं आणि घरात मुलगी लग्नाची होती. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. शेतकऱ्यांनीही बाहेरचं जग पाहावं असं वरच्या मंडळींच्या मनात आलं. माझी शाळा चौथीत सुटलेली; पण शब्दकोश पुढ्यात घेऊन इंग्रजी मी स्वतः शिकलो, रोजनिशी एक दिवस चुकवली नाही, अर्ज स्वतः लिहिला, आणि निवड झाली! फळांची साठवण आणि बांधणी, तिथल्या शेतकी शाळेत एक अख्खं सत्र.

बोट रविवारी दुपारी मुंबईहून सुटायची होती. ती चुकली की सत्र बुडालं, जागा दुसऱ्याला. आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही, कारण सत्कार आधीच उरकला होता. नारळ, शाल, फोटो, सगळं! आता सत्कार परत कसा करणार, सांगा?

मुंबईची गाडी शुक्रवारी सकाळची. हे ऐकून माझे चुलते आबा पंचांग घेऊन ओसरीवर आले.

"शुक्कुरवारी पश्चिमेले दिशाशूळ. मुंबई कोनत्या अंगाले?"

"पश्चिमेला. पण आबा, बोटीला दिशाशूळ कळत नाही."

"बोटीले नसन कळत. तुले तर कळते ना? बुधवारी पस्ताना ठेव, मंग जा कुठी जायचं तिकडे."

पस्ताना म्हणजे काय, हे हल्लीच्या मंडळींना सांगावं लागतं. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, की आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू प्रवासाच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो, असं धरायचं. ती वस्तू परत घरी आणायची नाही. जाताना वाटेत उचलायची. बहुतेक लोक फडक्यात सुपारी आणि चार दाणे तांदूळ बांधतात.

पण मी काय बहुतेकांपैकी? कुठलंही काम मी अर्धवट करत नाही. मी विचार केला: सुपारी काही विलायतेला जाणार नाही. जाणार माझा पासपोर्ट आणि बोटीचं तिकीट. मग पस्ताना त्यांचाच हवा! एका कातडी पिशवीत दोन्ही घातले, पिशवी देवापुढे ठेवली आणि बायकोला म्हटलं, "हळदकुंकू लाव." मी धोतर बदलून येईपर्यंत तिने पूजा करून पिशवीचा बंद बांधून ठेवला होता.

"अहो, त्या पिशवीतलं मी…"

"श्श! पस्तान्याबद्दल बोलायचं नसतं."

हा नियम कुठल्याही शास्त्रात नाही. मी तो त्याच क्षणी तयार केला. पण इतक्या खात्रीने सांगितला, की ती गप्प बसली. फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मी समजून घेतलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं.

पिशवी ठेवली सुपडूभाऊंकडे. हे माझे लहानपणापासूनचे मित्र, केळीचे व्यापारी, घर गावाच्या पश्चिम टोकाला, स्टेशनच्या वाटेवर. पिशवी कपाळाला लावून ते म्हणाले, "भाऊ, समुद्रापल्याडची वाट. तिले माह्या घरापर्यंतचा पस्ताना पुरन का?"

आता इथे गप्प बसावं की नाही? पण ओट्यावर चार माणसं होती. मी उपरणं सावरून म्हणालो, "शास्त्र असं आहे सुपडूभाऊ, पस्ताना जितका पश्चिमेला, तितका पक्का!"

चारही माना डोलल्या. मला बरं वाटलं. मी घरी येऊन ट्रंक भरली. भरली म्हणजे, बायकोने भरलेली तपासली, झाकण लावलं आणि सुंभाने अशी आवळली, की विलायतेच्या चोरालाही घाम फुटावा.

शुक्रवारी वाजतगाजत निघालो. पुढे बँड, मागे ट्रंकेची बैलगाडी, मध्ये हारांत बुडालेला मी. सुपडूभाऊंच्या दाराशी मिरवणूक थांबली.

"सुपडूभाऊ, पिशवी द्या."

सुपडूभाऊंचा चेहरा असा फुलला, जणू त्यांनाच बोटीत जागा मिळाली. "पिशवी? ते तर बुधवारीच जळगावले गेली! मी माल घेऊन गेलो ना, तशीच बहिनीच्या घरी ठेवून आलो. तुमीच म्हनले, जितका पश्चिमेले तितका पक्का!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय करता? सगळा गाव समोर. त्यांना सांगू, की ज्या शहाण्याचा तुम्ही सत्कार केलात त्याने आपला पासपोर्ट पस्तान्यात घातलाय?

"उत्तम केलंत!" मी म्हणालो.

फलाटावर बायको खिडकीशी आली. "अहो, टॉवेल अगदी वर ठेवलाय. त्या टॉवेलच्या घडीत…"

"कळलं! टॉवेल कुठे असतो ते मला कळतं."

"तसं नाही हो, घडीत मी…"

"आता रडू नकोस," मी म्हणालो. ती मुळीच रडत नव्हती. गाडी हलली. ती दोन्ही हातांनी घडी उलगडल्यासारखं काहीतरी करून दाखवत होती. मला वाटलं, नमस्कारच करतेय. मीही उलट नमस्कार केला.

जळगाव वाटेतच आहे, मी स्वतःला समजावलं. उतरू, पिशवी घेऊ, पुढची गाडी धरू. यात घाबरण्यासारखं काय?

सुपडूभाऊंची बहीण, त्यांना सगळे अक्का म्हणत, दारातच आरती घेऊन उभ्या. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

"अक्का, पिशवी?"

"ती होय? काल हे धुळ्याला निघाले होते, त्यांच्याबरोबर माझ्या नणंदेकडे पाठवली. भाऊ, तुमचंच म्हणणं ना, जितका पश्चिमेला तितका पक्का? मग जळगावात कशाला अडकवून ठेवायची?"

लाडू घशात अडकला. "छान केलंत," मी म्हणालो.

धुळ्याची मोटार पकडली. ट्रंक टपावर, मी आत, समोरच्या बाईंच्या कडेवरचं पोर माझ्या हारातली फुलं खात होतं. घाम असा, की डोळे चुरचुरत होते. टॉवेल आठवला, पण ती सुंभाची गाठ आठवली आणि बाहीनेच तोंड पुसलं.

धुळ्याला नणंदेचे यजमान बाजेवर बसलेले. तोंडभर सुपारी, आवाज पहाडी.

"या भाऊ, या! बठा. विलायतले जाणारा भाऊ तुम्हीच ना? तुम्हनी पिशवी?" त्यांनी पश्चिमेकडे हात केला. "ती ते सकायीच दोंडाईचाले गयी! आम्हना भाचा मिरचीना बाजारले जाई ऱ्हायंता, तेना हातमा दी दिनी. बठ्ठं बराबर शे, काय चिंता करू नका!"

"कोणी सांगितलं पाठवायला?" माझा आवाज जरा चढला.

"तुम्हीनच ना! जितला पश्चिमले, तितला पक्का. धुळामा ते बठ्ठासले तोंडपाठ व्हई गयं!"

म्हणजे सगळ्या धुळ्याला पाठ झालेलं माझं शास्त्र माझ्याही पुढे पोचलं होतं. कीर्ती कीर्ती म्हणतात ती ही! घरातल्या बाईंनी कपाळाला कुंकू लावलं, पहिल्यावर दुसरं. जेवल्याशिवाय सोडलं नाही, मुक्कामही करायला लावला. तोंडाने मी हसत होतो आणि कानात बोटीचा भोंगा वाजत होता.

शनिवारी सकाळी दोंडाईचा. भाच्याचं घर विचारत विचारत गेलो, ट्रंक एका हमालाच्या डोक्यावर. अंगणभर लाल मिरच्या पसरलेल्या, आणि त्यांच्या मधोमध भाच्याची आई खाटेवर ऐसपैस. मला पाहताच तिने आधी कुंकवाचा करंडाच मागवला. तिसरं कुंकू.

"पिशवी… पिशवी आहे का?" मिरचीच्या खकाण्याने मी शिंकत विचारलं.

"शे ना भाऊ! पन दुपारनी गाडीमा सुरतले धाडनार व्हतू. तठे मनी बहीन शे."

मी खुंटीवरून पिशवी ओढली. म्हातारी ओरडली, "अरे, पस्ताना उघडतस का कोनी?" पण मी बंद सोडला.

आत एक सुपारी. तांदळाचे दाणे. हळकुंड.

पासपोर्ट नाही. तिकीट नाही.

मी ट्रंकेवर बसलो. रावेर, जळगाव, धुळे, कुठल्या घरी काढले असतील कागद? परत उलटं जायचं म्हटलं तर बोट गेलीच. डोळ्यांतून पाणी येत होतं; मिरचीमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं. म्हातारीला दया आली.

"तोंड पुस भाऊ. टॉवेल नही का तुनाजोडे?"

टॉवेल! सुंभ सुटता सुटेना, शेवटी विळीने कापलं. झाकण उघडलं. अगदी वर टॉवेल, पांढरा, नवा. झटकला, तर घडीतून पासपोर्ट आणि तिकीट माझ्या मांडीवर पडले.

बायकोने पूजा करताना पिशवी उघडली होती. माणूस निघायच्या आधी त्याचे कागद परक्या घरी कसे धाडायचे, म्हणून तिने ते काढून सुपारी घातली. पुढे ती मला सांगतच होती. बुधवारी सांगत होती, फलाटावर सांगत होती, गाडी सुटली तरी हातांनी सांगत होती. आणि मी खानदेशभर जे शोधत फिरलो, ते सगळा वेळ माझ्याच मागून कधी टपावर, कधी हमालाच्या डोक्यावर येत होतं!

दुपारची सुरतेची गाडी मीच धरली. सुरतेहून मुंबई, आणि रविवारी धक्क्यावर वेळेत हजर. तिथल्या साहेबाने पासपोर्ट उघडला आणि चष्मा पुसला. फोटोतल्या माझ्या कपाळावर ठसठशीत कुंकू, वर तांदळाचा एक दाणा चिकटलेला. बायकोने पूजा फोटोचीही केली होती! साहेबाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावर तीन घरांचं कुंकू.

"तुम्हीच," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

विलायतेला काय शिकलो, ते पुष्कळ आहे आणि कामाचंही आहे. परत आलो तेव्हा स्टेशनवर तोच बँड, तेच हार. मी सुपडूभाऊंच्या ओट्यावर उभा राहून भाषण केलं: बोट, बर्फ, फळं थंड ठेवायच्या खोल्या. लोक खूश झाले. बायको एका बाजूला उभी होती. ती काही बोलणार असं दिसलं, तसा मी भाषण थांबवून म्हणालो, "मंडळी, थांबा. आधी हिचं बोलणं पूर्ण होऊ द्या."

सगळे तिच्याकडे वळले.

"माझा टॉवेल कुठे आहे?" तिने विचारलं.

टॉवेल दोंडाईचाला म्हातारीच्या खाटेवर राहिला होता. सुपडूभाऊंनी खाली मान घालून बातमी दिली: म्हातारीने तो जपून ठेवला, पण मी परदेशी आहे, तर माझा पस्ताना पुढे सरकत राहिलेला बरा, म्हणून सुरतेला बहिणीकडे पाठवला. बहिणीने पुढे कुठे पाठवला, ते अजून कळलेलं नाही. पश्चिमेलाच असणार, एवढं मात्र नक्की.