इस्त्रीच्या खोलीतले वायफाय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला त्याचे साहाय्यक ‘कारणमास्तर’ म्हणत. त्या नावात चेष्टा किती आणि आदर किती, याची वाटणी त्यालाही कधी नीट लागली नव्हती. बिघाड निघाला की हत्यारांची पेटी मिटण्याआधी तो जिन्यात जमलेल्या रहिवाशांना थांबवून कारण सांगे. लोकांना लिफ्ट सुरू झाल्याशी मतलब. पण हा ऐकवल्याशिवाय सोडत नसे. “दाराच्या खाचेत खडा अडकला होता. दार पुरतं मिटत नव्हतं, म्हणून ती हलत नव्हती. तिची काही चूक नाही.” यंत्राची बाजू घेऊन बोलण्याची ही त्याची लकब होती. एकदा त्याच्याच हातून एक तार सैल राहिली, तेव्हाही त्याने “काल मीच ढिली ठेवली” असे चारचौघांत सांगितले आणि साहेबांची बोलणी खाल्ली. घरी जेवताना मात्र ती हकिगत त्याने अशा थाटात सांगितली, की ऐकणाऱ्याला वाटावे, याचा सत्कारच झाला. आपण खरे कारण लपवत नाही, याचा त्याला अंमळ गर्वच होता.

त्याची धाकटी बहीण त्याच्याकडे राहत असे. ‘राहते’ हे क्रियापद मात्र घरात कोणी वापरत नसे. ती ‘आलेली’ होती. नवऱ्याचे घर सोडून एक बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा ती म्हणाली होती, “दादा, चार दिवस राहते.” ते चार दिवस इतके लांबले, की त्या वेळी शाळेत जाणारी त्याची लेक, म्हणजे तिची भाची, कॉलेज संपवून परगावी नोकरीलाही लागली. बहीण कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला जाई. मेणाचे दात तासून तासून तिची बोटे फार हुशार झाली होती. घरखर्चातला वाटा ती न मागता उचले. तिची खोली ‘इस्त्रीची खोली’ होती. तिचा पलंग येण्यापूर्वी तिथे इस्त्रीचे टेबल होते, नंतर ते भिंतीला टेकवून ठेवले गेले. टेबल हलले, नाव हलले नाही. “आत्या कुठंय?” “इस्त्रीच्या खोलीत.” हे उत्तर देताना कोणाची जीभ कधी अडखळली नाही.

भाचीने जाण्यापूर्वी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर एक गेम घालून दिला होता. त्यात एक बेट होते आणि बेटावर या दोघींनी मिळून पाळलेल्या शेळ्या होत्या. भाची परगावाहून आपल्या लॅपटॉपवर यायची, आत्या हॉलमधून. रविवारी दुपारी दोघी शेळ्यांचे कुंपण सावरत, विहीर खणत आणि गप्पा मारत. पण हॉल म्हणजे हॉल. वहिनीची मैत्रीण आली की आत्या खुर्ची सोडून उठे. दादाला बातम्या लावायच्या असल्या की उठे. कोणी तिला ऊठ म्हणत नसे, हे खरेच. तसे म्हणण्याची वेळच ती येऊ देत नसे. शेवटी तिने स्वतःसाठी हातात धरून खेळायचा एक कन्सोल आणला. गेम चालेल हॉलमधल्याच कॉम्प्युटरवर, पण त्याचे चित्र वायफायवरून कन्सोलच्या पडद्यावर येईल आणि तिने दाबलेली बटणे तिकडे पोहोचतील, अशी सोय भाचीने शोधून दिली होती. “म्हणजे कसं, तुमच्या मध्ये मध्ये नको,” ती वहिनीला म्हणाली.

रविवारी दुपारी ती हॉलमध्ये आली. एका हातात कन्सोल आणि दुसऱ्या हातात स्पीकरवर टाकलेला फोन.

“दादा, ‘कॉम्प्युटर सापडला नाही’ म्हणतोय हा. समोर एवढा धोंडा बसलाय, तो दिसत नाही याला!”

“आत्या, बाबांना दे,” फोनमधून भाचीचा आवाज आला. “आज त्यांचा दिवस आहे.”

कारणमास्तर खुलला. बाह्या सरसावून म्हणाला, “आधी कारण शोधू.” त्याने कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. मग राउटर बंद करून सुरू केला. स्ट्रीमिंगचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या सुरक्षेने अडवला आहे का ते लेकीने बघायला लावले, अडवलेला नव्हता. कॉम्प्युटर मध्येच झोपी जातो का, तेही पाहिले. टक्क जागा होता. “ठीक. इकडची बाजू निर्दोष आहे,” असा निकाल देऊन त्याने बहिणीच्या हातातला कन्सोल घेतला आणि त्याची वायफायची यादी उघडली.

यादीत वर ‘घर’ होते. खाली ‘पाहुणे’ होते. बरोबरची खूण ‘पाहुणे’पुढे होती.

दोन्ही नावे त्यानेच ठेवलेली. राउटर बसवताना सोबतच्या माहितीत एक वाक्य होते, ते त्याला तेव्हा फार आवडले होते: पाहुण्यांना बाहेरचे इंटरनेट मिळते, पण घरातली यंत्रे त्यांना दिसत नाहीत. बहीण आली त्या आठवड्यात त्याने तिच्या फोनला ‘पाहुणे’ जोडून दिले. चार दिवसांचा प्रश्न होता. त्यात वावगे काही नव्हते. वावगे नंतर घडले. तिने नवा फोन घेतला, तेव्हा विचारले होते, “दादा, वायफाय कुठलं टाकू?” उत्तर देण्यापूर्वी तो क्षणभर थांबला होता. तो क्षण त्याला आता लख्ख आठवला. घरचा पासवर्ड दिला, की ती राहिली असे होईल, आणि ती राहिली असे आपणच म्हटले, की तिच्या परत जाण्याची वाटही आपणच बुजवली असे होईल. असे काहीसे त्याच्या मनात आले होते. ही त्याने स्वतःला दिलेली सबब होती की खरे कारण, हे तपासायला तो थांबला नव्हता. “तेच, आधीचंच,” तो म्हणाला होता. तिने “बरं” म्हटले होते.

“बाबा,” लेक फोनवरून म्हणाली, “दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना?”

“म्हणजे काय!”

“नक्की? नाव वाचून सांगा ना.”

“अगं, घरात राउटर एकच. दुसरं वायफाय येणार कुठून?”

राउटर एकच होता, त्यामुळे वाक्य खरे होते, आणि खोटे बोलायला त्याला ते पुरले. बहीण शेजारीच उभी होती. त्याने मान खाली घातली आणि कपाटातून लांबलचक केबल काढून राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत ओढायला घेतली. ज्या बाजूला निर्दोष ठरवून झाले होते, तिचीच तो आता झडती घेत होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. “ही दोरी कसली बांधताय हॉलभर? कपडे वाळत घालायचेत?”

“कारण शोधतोय.”

“शोधा. पण पाय अडकून मी पडले, तर ते कारण मला आधीच ठाऊक आहे.”

बहीण खळखळून हसली. तिच्या हसण्यात कसलाही संशय नव्हता, आणि त्यामुळेच तो आणखी खजील झाला. कन्सोल गुपचूप ‘घर’वर नेऊन टाकावा, असे त्याच्या मनात येऊन गेले होते, पण त्यासाठी पासवर्ड टाकावा लागणार होता. तो पासवर्ड लेक लहान असताना तिला मांडीवर घेऊन त्याने ठरवला होता: इंग्रजी अक्षरांत लिहिलेला ‘आम्ही तिघे’. तेव्हा ते दोन शब्द म्हणजे नुसते कौतुक होते. आज बहीण खांद्याशी उभी असताना पडद्यावर ते अक्षर अक्षर उमटवायचे, म्हणजे दारावरची पाटी तिला नव्याने वाचून दाखवायची. आधी पासवर्डच बदलावा, तर टीव्ही, प्रिंटर, बायकोचा फोन सगळेच तुटणार. बायको कारण विचारणार. आणि कारण सांगणे आले.

केबल लावून झाली. “आता बघ,” तो म्हणाला. काय दिसणार हे ठाऊक असून तोही पडद्यावर वाकला. कॉम्प्युटर सापडला नाही.

फोनमध्ये लेकीने सुस्कारा टाकला. “मग आत्या, त्या कन्सोलमध्येच काहीतरी गडबड असणार. परत करून टाक.”

“तसंच असेल का रे दादा?”

जन्मभर यंत्रांची वकिली केलेला हा माणूस त्या निरपराध वस्तूकडे पाहत म्हणाला, “असेल. हल्ली वस्तू तशाच येतात.”

ती इस्त्रीच्या खोलीत गेली. तो का कोण जाणे, मागोमाग जाऊन चौकटीत उभा राहिला. पलंगाखालून तिने खोका काढला; तो तिने जपून ठेवला होता. चार्जरची तार जशी आली होती तशीच घडी करून, तिच्याभोवतीचा बारीक चाप पुन्हा पिळून, तिने ती खोबणीत बसवली. भिंतीशी इस्त्रीचे टेबल उभे होते आणि त्याच्या पायांवर तिने आपले दोन टॉवेल वाळत घातले होते. खिळा ठोकून मागायला हरकत नव्हती. तिने मागितला नव्हता.

“जाऊ दे,” ती खोक्याकडे पाहतच म्हणाली. “मी आपली हॉलमध्येच खेळेन, कोणी नसलं की.”

“थांब,” तो म्हणाला. “भरू नकोस.”

“का रे?”

“त्याची काही चूक नाही.” नेहमीचे वाक्य तोंडून गेले आणि पुढचे अडकले. “तू वेगळ्या वायफायवर आहेस. पाहुण्यांच्या. तिथून घरातलं काही दिसत नाही.”

पलंगावर पडलेल्या फोनमधून लेक म्हणाली, “बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“आधीच विचारलं होतं.”

“हो गं.”

“आत्या, मी बेटावर थांबते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. तेवढी समज तिला होती. ती कोणाकडून आली होती, याचा विचार त्याने टाळला.

बहिणीने कन्सोल खोक्यातून परत काढला, यादी उघडली, ‘घर’ निवडले आणि अंगठे तयार ठेवून म्हणाली, “सांग.”

“आम्ही,” तो म्हणाला आणि थांबला.

तिचे अंगठे थांबले नाहीत. मेणाचा दात तासावा तशा सफाईने ते पुढे चालत राहिले. दुसरा शब्द त्याच्या ओठांवर येण्याआधी तिने तो लिहून संपवला होता, आणि शेवटी कोणते इंग्रजी अक्षर, हेही विचारले नव्हते.

“तुला ठाऊक होता?”

“तिने मला केव्हाच सांगितला होता. कॉलेजात असताना.”

“मग टाकला का नाहीस?”

ती वर पाहून म्हणाली, “तू कुठे दिला होतास?” टोमणा मारण्याचा सूर त्यात नव्हता. घरातली एखादी वस्तू कुठे असते, हे सांगावे इतक्या साधेपणाने ती बोलली.

पडद्यावर कॉम्प्युटर सापडला. मग बेट आले, कुंपण आले, शेळ्या आल्या. “आलं की!” ती हरखून म्हणाली आणि भिंतीला उशी लावून बसली. त्याने तिथे थांबण्याचे आता काही काम उरले नव्हते.

हॉलमध्ये खुर्ची रिकामी होती. मोठ्या पडद्यावर मात्र तोच गेम आपोआप चालू होता. पाठमोरी, टोपी घातलेली एक चिमुकली बाई कुंपणाचे फाटक उघडत होती, घागर घेऊन विहिरीकडे निघत होती. आत तिचे बोट हलले, की इथे पाऊल पडत होते. तो केबल गोळा करायला लागला. कोपर आणि अंगठ्यामध्ये वेढे घेत, मघाशी जोडली होती तितक्याच निरर्थक काळजीने.

वहिनी हात पुसत बाहेर आली. “झालं वाटतं सुरू. काय कारण होतं?”

या घरात हा प्रश्न हमखास विचारला जाई. इतकी वर्षे तो त्याचीच वाट पाहत असे.

तो तोंड उघडणार, एवढ्यात इस्त्रीच्या खोलीतून आवाज आला. “काही नाही गं वहिनी! माझाच पासवर्ड चुकत होता!”

“एवढ्यासाठी अख्खी दुपार?” वहिनी हसली आणि वळली.

इथे गप्प बसता आले असते. बहिणीने त्याच्यासाठी दार उघडून धरले होते, आणि त्यातून निसटून जाणे अवघड नव्हते. हातातल्या वेढ्यांकडे बघत त्याने ते करून पाहिले. निदान तीन-चार वेढे तो गप्प राहिला.

“पासवर्ड चुकत नव्हता,” मग तो म्हणाला. आवाज आतल्या खोलीपर्यंत जाईल इतका मोठा होता. “तिला मी अजून पाहुण्यांत ठेवलं होतं. ती मागत नव्हती आणि मी देत नव्हतो. आणि आज मघापासून मला कळलं होतं.”

वहिनी जागच्या जागी थांबली. म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही केव्हाच बदललं असेल.” आणि मग, जरा खालच्या आवाजात, “मीही कधी विचारलं नाही म्हणा.”

पडद्यावरची चिमुकली बाई विहिरीच्या काठाशी थांबली होती. घागर अर्धी भरलेली, तोंड पाण्याकडे. शेळ्या तिच्याभोवती हिंडत होत्या. परगावाहून आलेली दुसरी एक टोपीवाली तिच्यापुढे येऊन उड्या मारू लागली, मग तीही थांबली. दोघे नवराबायको त्या न हलणाऱ्या पाठीकडे पाहत उभे राहिले. इस्त्रीच्या खोलीचे दार उघडेच होते. पण त्या दारापर्यंत जाण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

पुष्कळ वेळाने घागर पाण्यात बुडाली, भरली. बाईने ती उचलली आणि ती शेळ्यांकडे चालू लागली.