लिफ्ट उचलत नाही

नांदेडला एकोणतीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो, हा धडा मी झोपेतही सांगू शकतो. बायको म्हणते, सांगताच. त्यामुळे गेल्या वर्षी ऐन हरभऱ्याच्या पेरणीत माझा थोरला भाऊ विहिरीच्या पायरीवरून घसरला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा मी फोनवर मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "दादा, तू पडून राहा. ट्रॅक्टर मी बघतो." पलीकडून दादाने एवढंच विचारलं, "तू?" मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आमची जमीन निलंग्याजवळ. सोयाबीन निघालं होतं. हरभरा यायचा तो जमिनीतल्या ओलीवरच, कारण त्या चार एकरांना पाणी द्यायची सोय नाही. ओल आणखी फार तर दोन दिवस टिकणार होती. दादाने एवढंच सांगितलं, "वल गेली तर बी नुसतं मातीत पडून राहील बघ."

पहिल्याच सकाळी मी पेरणीयंत्र जोडलं आणि लिफ्टची दांडी ओढली. ट्रॅक्टर कोंडलेल्या कुत्र्यासारखा कण्हला, यंत्र वीतभर उचललं आणि पुन्हा खाली बसलं. लिफ्ट नाही तर पेरणी नाही. तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, टोकाला यंत्र वर उचलल्याशिवाय ट्रॅक्टर वळवताच येत नाही. मी आणि वहिनीने दोन्ही टोकांना धरून ते हाताने उचलून बघितलं. यंत्र जागचं हललं नाही, माझी कंबर मात्र हलली.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, बुडवली, परत काढली. तेल काठोकाठ. मी दांडी तपासली, स्प्रिंग तपासली, उगाच दोन ठिकाणी हातोडीने ठोकलं. शेवटी वहिनीला उभं करून द्रवाच्या दाबावर दहा मिनिटं बोललो आणि निकाल जाहीर केला, "पंप गेला."

"भावजी, मिस्त्रीला बोलवू का?"

"मिस्त्रीसुद्धा हेच सांगणार."

खाटेवरून दादाने विचारलं, "तेल बघितलं का रे?"

"एवढं तरी कळतं मला, दादा," मी म्हणालो. जरा फटकूनच म्हणालो.

मी एसटीने लातूर गाठलं. मॉडेल इतकं जुनं की दुकानदार त्याचं नाव ऐकून हसत होते. एकाने तर ते अजून चालतंय याबद्दल माझं अभिनंदन केलं. पंप मिळेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि तो बसवायला निलंग्याचे मिस्त्री चाचा आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे दीड दिवस गेला.

चाचांनी पंपाच्या पिशवीला हातसुद्धा लावला नाही. ट्रॅक्टर गोठ्यापाशी उभा होता. तोंड खाली, ढुंगण वर, पुढच्या चाकाला दगड. आमच्याकडचे सगळे जुने ट्रॅक्टर असेच मुक्काम करतात. बॅटरी दम धरत नाही, म्हणून सकाळी दगड काढायचा, उतारावरून सोडायचा आणि गिअर टाकून चालू करायचा. चाचांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर, तेल कुठं बघितलं?"

"इथंच."

"या उतारावर?"

त्यांनी ट्रॅक्टर सपाट जागेवर घेतला आणि पट्टी काढून माझ्यापुढे धरली. कोरडी. उतारावर सगळं तेल पुढे पट्टीकडे जमायचं आणि मला काठोकाठ दिसायचं. पंप बिचारा मागे हवा ओढत बसला होता. मागच्या आठवड्यात शेजाऱ्याने आमचा ट्रॅक्टर लावून आपल्या उचलत्या ट्रॉलीतून शेणखत वाहिलं होतं. ट्रॉली वर उचलायला गेलेलं आमचं तेल तिच्या जॅकमध्येच राहून गेलं होतं.

"लई शिकलेलं माणूस हाय तुम्ही," चाचा म्हणाले. टोमणा नव्हता तो, म्हणून जास्तच लागला. पाणी आपली पातळी राखतं हे मी सातवीच्या पोरांना नळी वाकडी करून दाखवायचो.

डब्याने तेल ओतलं, चाचांनी दांडी चार वेळा वरखाली केली आणि लिफ्ट हूं की चूं न करता वर गेली. मी दिवस मावळेपर्यंत पेरलं, दुसऱ्या दिवशीही पेरलं. तीन एकर निभावले. वरच्या हलक्या एकरातली ओल मात्र गेली होती, फणाने उकरलेली माती भुरभुर उडत होती. थांबायचं धाडस झालं नाही, मी पेरत राहिलो. संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं, उतार, पट्टी, माझा तोरा, सगळं. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "पंप ठेव कोनाड्यात. कधीतरी लागंलच."

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा खालचे तीन एकर हिरवेगार होते आणि वरचा एकर माझ्या टाळूसारखा, कुठेकुठे चार केस. दादा काठी टेकत बांधावर आला होता. तेवढ्यात रस्त्याने जाणारे दोघे थांबले. एकाने विचारलं, "वरला तुकडा असा का झालाय?"

दादाचं बी घरचं असतं. तो स्वतः चाळतो, निवडतो, राखेत ठेवतो. अर्धं गाव त्याच्याकडून बी मागून नेतं आणि त्याला त्याचा भारी अभिमान आहे.

"वर टाकलेलं बी खराब निघालं औंदा," दादा म्हणाला.

ते दोघे चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. आयुष्यभर वर्गात उभं राहून बोललेला माणूस मी, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हो ना, बीच खराब."

यंदाच्या पेरणीला दादाकडे बी मागायला कुणी आलं नाही.