गुहेत राहिलेला म्हातारा

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं की दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते. इस्त्रीवालीनं पुढच्या खोलीतला दिवा लावला, टेबलावरचं करपट कांबळं झटकलं आणि गिऱ्हाइकांचे ओलसर शर्ट इस्त्रीनंच वाळवायला घेतले. खोलीभर वाफ. कोपऱ्यातल्या खुर्चीत मावशी रुमालांच्या घड्या घालत होती. आई गेल्यावर हिला वाढवलं ते या मावशीनं, आणि धंदाही मूळचा तिचाच. आता तिची नजर गेली, गुडघे गेले. बोटं तेवढी शाबूत. आणि जीभ.

"हात चालव की गं."

"शर्ट ओले आहेत, मावशे."

"शर्ट ओले नि तू सुस्त."

कामाची पहिली खेप उरकली की इस्त्रीवाली वाचून दाखवायची. वाचनालयातून आणलेलं जाडजूड पुस्तक होतं. एक तलवारबाज बर्फाच्या डोंगरापलीकडं, राक्षसिणीनं पळवलेला सूर्य सोडवायला निघालेला. सगळं तोच सांगतो. मी चढलो, मी घसरलो, मला भूक लागली. दोघींचा त्याच्यावर एवढा जीव जडला होता की मावशी त्याला 'आपला पोरगा' म्हणायची. त्याच्याबरोबर एक वाटाड्या म्हातारा होता, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. नुसता खोकायचा.

आज म्हाताऱ्याचा पाय मोडला. तलवारबाजानं त्याला गुहेत बसवलं, पाणी घेऊन येतो म्हणाला आणि सरळ खिंडीची वाट धरली. 'माझं काळीज तुटत होतं,' तो सांगत होता, 'पण सूर्य खोळंबला होता.' 

"काय करणार बिचारा," इस्त्रीवाली म्हणाली.

मावशीनं विचारलं, "आणि म्हातारा काय म्हणाला?"

"त्याचं नाही लिहिलेलं. गोष्ट तलवारबाज सांगतोय ना."

"तेच तर. सांगणारा तो, म्हणून आपण त्याच्या बाजूच्या. परवा त्यानं त्या रखवालदाराला फसवलं, तेव्हा टाळ्या पिटल्या मी." मावशीनं रुमाल मांडीवर सपाट केला. "आज मला त्या गुहेत गार लागतंय."

इस्त्रीवालीनं पुस्तक मिटलं. महिनाभर तीही मनातल्या मनात अशीच एक गोष्ट सांगत होती. मी किती राबले. मला दुसऱ्या गावी मोठ्या लाँड्रीत देखरेखीचं काम मिळतंय, राहायला खोली मिळतेय, पण एकटीपुरती. मी तरी काय करू? सांगणारी तीच, हुंकार देणारीही तीच; दरवेळी निर्दोष सुटायची. मामेभाऊ रविवारी मावशीला न्यायला येणार होता. मावशीला सांगायचं ठरलं होतं, चार दिवस हवापालट.

"माझे गाऊन कुठं निघालेत?" मावशीनं विचारलं.

"कुठले?"

"खालच्या फळीवरचे. काल हाताला लागले. कॉलरीसकट कडक इस्त्री! आपल्या घरात कधी कुणी स्वतःच्या कपड्यांवर इस्त्री फिरवलीय? म्हटलं, मेले की काय मी!"

इस्त्रीवालीला हसू आलं. तिनं इस्त्री उचलली नि तशीच कांबळ्यावर टेकवली.

"रविवारी दादा न्यायला येतोय तुला," ती म्हणाली. "मला बाहेरगावी काम मिळालंय. चार दिवस म्हणून सांगणार होते. पण कायमचंच आहे."

मावशीची बोटं रुमालाच्या कडेवरून फिरत राहिली. "सोडून गेला त्याचं एवढं नाही गं. पाणी आणतो म्हणाला ना, म्हणून तो म्हातारा अजून वाट बघत बसला असेल."

"तुला जायचंय का?" एवढं विचारायला तिला महिना लागला होता.

"नाही. तिथं मी कुणाचे रुमाल घडी करू?"

 पुस्तकातल्यासारखं इस्त्रीवालीचंही काळीज तुटत होतं, पण ते आता सांगायचीही लाज वाटली.

"दादा आला की त्याला आधी बसव," मावशी म्हणाली. "या खेपेला मीपण बोलणार आहे. आणि इस्त्री बघ, कांबळं जळतंय."

इस्त्रीवालीनं मान हलवली. मग मावशीला ते दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाली. इस्त्री उचलून उभी केली आणि ढिगातला पुढचा शर्ट ओढला. तोही ओलाच होता.