एका रीडिंगवर बॅच फेकत नाहीत

मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत मी बरीच वर्षं मालाची तपासणी केली. एक रीडिंग बिघडलं म्हणून आम्ही कधी बॅच फेकली नाही. पुन्हा सॅम्पल काढायचं, पुन्हा बघायचं, मगच तोंड उघडायचं. मला ओव्हरीचा कॅन्सर निघाला, तोही तिसऱ्या स्टेजचा, तेव्हा ही सवय कामी आली.

केमो सुरू होताच रक्तातला सीए-१२५ हा कॅन्सरचा मार्कर भराभर उतरला. लवकर उतरला हे चांगलं लक्षण, डॉक्टर म्हणाल्या, पण हमी धरू नका. वर्षभर सगळं ठीक चाललं. मग एकदा तो वाढला.

बातमी उल्हासनगरला थोरल्या जाऊबाईंच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी त्या बेलवलीला आमच्या दारात हजर. हातात माझ्यासाठी भरजरी साडी. माझ्या मुलीचं लग्न जमलं होतं, परीक्षेनंतर करायचं ठरलं होतं. जाऊबाईंना ते आत्ताच, परीक्षेआधी उरकायचं होतं.

"तुझ्या डोळ्यांदेखत होऊ दे गं. उद्या काही कमीजास्त झालं तर वर्षाच्या आत बार उडवायला लागेल, नायतर पोरगी तीन वर्षं अडकेल."

घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत, नाहीतर थेट तीन वर्षांनी, आमच्याकडची ही रीत मलाही ठाऊक होती. पण मुलीने मुकाट्याने पुस्तकं मिटली. "आई, परीक्षा पुढच्या वर्षी देईन ना. तू टेन्शन नको घेऊस." कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं तिचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझं तेरावं ठरवायला आलात का, वहिनी?" मी म्हटलं. "आणि तू पुस्तकं उघड गं."

मार्कर पुन्हा तपासला. पुन्हा वाढलेलाच. स्कॅनमध्ये लहानशी गाठ दिसली. खोटं कशाला बोलू, घाबरले मी. पण आजार परतलाय, एवढंच कळलं होतं. मी किती दिवसांची पाहुणी ते मार्करलाही माहीत नव्हतं आणि जाऊबाईंनाही. केमो पुन्हा सुरू झाली. लग्नाची तारीख मी हलू दिली नाही.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी तीच भरजरी साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून मी लेकीला केंद्रावर सोडायला गेले. तिने काढलेला फोटो पाहून जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, लग्नात नेसायची साडी ती!"

"लग्नाला दुसरी घ्या. मी आहे ना."

"आणि नसलीस तर?" त्या रडत होत्या. जीव होता त्यांचा माझ्यावर.

"तर थांबेल तीन वर्षं," मी म्हटलं. "स्वतःच्या पगारावर थांबेल."